पापणीवरची चमक आणि आमचा साधेपणा

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका व्याख्यानमालेत ‘बदलती मूल्ये’ या विषयावर एक विद्वान वक्ते बोलत होते. नाव सांगत नाही, कारण भांडण माणसाशी नाही. समाजाच्या घसरणीची लक्षणं मोजता मोजता ते आमच्या मुलींच्या डोळ्यांपर्यंत आले. हल्ली म्हणे मुली भरदिवसा, कामाच्या जागीसुद्धा, पापण्यांवर चमकी फासून बसतात. ‘दोनशे रुपयांची चमक’ हे त्यांचे शब्द. सभागृह खळखळून हसलं. पुरुष हसले ते सोडा. पुढच्या दोन रांगांत वीतभर जरीच्या काठांत बसलेल्या आमच्या भगिनीही तोंडाला पदर लावून हसल्या.

मला त्यातले ‘दोनशे रुपये’ खटकले. चमक वाईट असेल, तर ती दोनशेची असो की वीस हजारांची, वाईटच म्हणायला हवी. मग किंमत सांगायचं प्रयोजन काय? प्रयोजन एवढंच, की ते हसू चमकीला नव्हतं, दोनशे रुपयांना होतं.

आता आधीच सांगून टाकते, म्हणजे कुजबुजायला जागा उरणार नाही. मी साठी ओलांडलेली बाई आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या काउंटरवर तीस वर्षं नोटा मोजून निवृत्त झाले. त्यातली शेवटची सात-आठ वर्षं रोज सकाळी डबा भरून झाला, की पापण्यांवर तांबूस चमकीचं एक बोट फिरवून मी कामावर जात असे. आजही भाजी आणायला निघताना लावते. चमकीपायी माझ्या मोजणीत नोट कमी भरली असं कुणी म्हणालेलं नाही. तेव्हा त्या दोनशे रुपयांची बाजू मांडायला मी अगदीच नालायक नाही.

चमकीचं आणि आपलं वैर केव्हापासून सुरू झालं, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. शहापूर-वडगावच्या मागावर साडी विणायची, तर तिला काठ हवा आणि काठाला जर हवी. लग्नात नथीचा मोती लखलखायला हवा. गणपतीच्या मखराला चकचकीत कागद हवा. गुलालात आणि अबीरात अभ्रकाची पूड मिसळण्याची पद्धत तर आपल्या आज्यांच्याही आधीची. दिवाळी, जिच्या निमित्ताने हा अंक तुमच्या हातात आहे, ती तर नुसती चमकच. आणि त्या दिवशी सभागृहाबाहेर ज्या मोटारी उभ्या होत्या, त्यांतल्या मोत्याच्या रंगाच्या मोटारींचं काय? मोटारीच्या तसल्या रंगाला जी झळाळी येते, ती पुष्कळदा अभ्रकाच्याच कणांनी येते. आमच्या पापणीवरचा पदार्थ आणि त्या मोटारीच्या दारावरचा पदार्थ एकाच खाणीतले भाऊबंद. मोटारीवर लावला की प्रतिष्ठा, पापणीवर लावला की मूल्यांचा ऱ्हास. आता बोला!

रंगभूमीचा अभिमान तर आपण बेळगाव जिल्ह्यातले लोक जरा जास्तच बाळगतो, आणि बाळगावाही. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्याच संगीत नाटकाच्या परंपरेत १९१६ साली ‘स्वयंवर’ आलं आणि बालगंधर्वांच्या रुक्मिणीने महाराष्ट्राला वेड लावलं. बालगंधर्वांचे शालू, त्यांची नथ, त्यांची साडी नेसण्याची ढब घराघरांतल्या बायका बघून बघून उचलत होत्या, हे आपणच कौतुकाने सांगतो. म्हणजे पुरुषाने रंगपटात बसून डोळे रेखले, रंग चढवला, तर ती कला. आणि पतसंस्थेतल्या बाईने आरशासमोर दीड मिनिट उभं राहून तेच केलं, तर तो थिल्लरपणा. बालगंधर्वांचं थोरपण मला पूर्ण मान्य आहे. त्यांना डोक्यावर घेणाऱ्यांनी आम्हाला हसू नये, एवढंच माझं म्हणणं.

या बाबतीत आपल्या सीमाभागात एक गंमत आहे. पाटी कोणत्या भाषेत असावी यावरून इथे किती रण माजलं, ते मी सांगायला नको. पण पापणीवरच्या चमकीचा विषय निघाला, की मराठी सासू आणि कन्नड अत्ते यांच्यात कसलाही वाद उरत नाही. आमच्या गल्लीत एकीने म्हणायचं, ‘काय गे हे, नटवी कुठली!’ आणि शेजारच्या अव्वांनी म्हणायचं, ‘शोकी!’ दोन्ही भाषा, एकच मुरडलेलं नाक. आमचं काजळ त्यांच्याकडे ‘काडिगे’ होतं. ते दोघींनाही चालतं. मात्र काजळाच्या वर बोटभर जागेत काही चकाकलं, की घराण्याची अब्रू जाते. एकोपा व्हावा असे दुसरे विषय नव्हते का?

दुसरीकडून येणारा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो घेणाऱ्या माझ्या मैत्रिणी आहेत, म्हणून त्याचा मान राखून बोलते. त्या म्हणतात, बाईला शोभेची वस्तू करणाऱ्या बाजाराचं हे काम. आधी गोरेपणाची क्रीमं विकली, आता डोळे विकतात. तू कशाला त्यात भर घालतेस? गोरेपणाच्या क्रीमांबद्दल त्यांचं शंभर टक्के खरं आहे. त्या धंद्याने सावळ्या मुलींना जे सोसायला लावलं, त्याची भरपाई कुणी करणार नाही. पण गोरेपणाचं क्रीम मुलीला सांगतं, की तुझ्यात खोट आहे आणि ती झाकायची आहे. तांबूस चमक तसं काही सांगत नाही. उलट ती सावळ्या रंगावरच खुलते, गोऱ्यावर बिचारी फिकी पडते. जिथे नोकरी टिकवण्यासाठी बाईला रंग लावायची सक्ती होत असेल, तिथे मी मोर्च्यात तुमच्या पुढे असेन. सक्ती पुसून टाकण्याची असो की लावण्याची, मला दोन्हीचा सारखाच राग येतो.

शिवाय हा प्रश्न रोजच्या दिवसाचा आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. लग्नात, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला बाई कितीही नटली तरी कुणाची हरकत नसते. कारण ती चमक घराण्याची असते, ती बघून लोक म्हणतात, ‘घर खाऊनपिऊन सुखी आहे.’ हरकत येते मंगळवारी सकाळी. कारण मंगळवारची चमक कुणासाठीच नसते. सासरचा मान नाही, माहेरचा मान नाही, कॅमेरा नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरलेल्या, दोन डबे केलेल्या, खानापूरहून उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईने स्वतःच्या चेहऱ्यावर स्वतःसाठी लावलेली ती एवढीशी वस्तू असते. तिचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही, आणि नेमकं तेच खुपतं.

हिशेबाचंच म्हणाल तर तोही मांडते. जन्मभर तेच केलंय. माझी सध्याची डबी एकशे ऐंशी रुपयांची आहे. एकच रंग, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. वर्षातले तीनशे दिवस लावली असं धरलं, तर दिवसाला ६० पैसे पडतात. आमच्याकडच्या हॉटेलात बाय-टू चहासुद्धा एवढ्यात येत नाही. ज्या घरांत एका लग्नाच्या एका शालूवर बारा-पंधरा हजार सहज जातात, आणि तो शालू पुढची वीस वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात कपाटात पडून राहतो, त्या घरांनी ६० पैशांच्या चमकीला उधळपट्टी म्हणावं, हे अंकगणित मला जमत नाही.

सरकारचं अंकगणितही काही वेगळं नाही. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर, आळता आणि डबीतलं काजळ यांना करातून सूट मिळाली. चांगलंच झालं. आणि पापण्यांचा रंग? त्याला २८ टक्क्यांच्या वरच्या रांगेत बसवलं; त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खाली आणून १८ टक्क्यांवर ठेवलं. म्हणजे सौभाग्याचं ते जीवनावश्यक, स्वतःच्या हौसेचं ते चैनीचं. नाक मुरडण्याचा कर म्हणायला हरकत नाही.

‘हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ’ म्हणणाऱ्यांसाठी एक छोटी आठवण. लॅक्मे ही कंपनी १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने काढली. परदेशी प्रसाधनांपायी देशाबाहेर जाणारं चलन वाचावं, हा विचार त्यामागे होता. नाव घेतलं ते डेलीब या फ्रेंच संगीतकाराच्या १८८३ सालच्या ऑपेराचं; आणि ते ‘लक्ष्मी’चंच फ्रेंच रूप. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ड्रेसिंग टेबलाकडे बघून कपाळाला आठ्या घालण्याआधी जरा विचार करावा.

*

इथवर मी हसणाऱ्यांशी भांडले. पण हे हसणं नुसतं मनाला लागतं असं नाही, त्याने डोळ्यांना इजा होते, आणि माझा खरा राग तिथे आहे.

लपवून घ्यायची वस्तू कुणी निरखून घेत नाही. साडी घेताना आपण काठ उलटा करून बघतो, दहा दुकानं पालथी घालतो, नणंदेला दाखवतो. पापण्यांचा रंग घेताना काय होतं? गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात कटलरीच्या दुकानात शिरायचं, ओळखीचं कुणी नाही ना ते बघायचं, बोटाने दाखवायचं, पैसे द्यायचे आणि पर्समध्ये कोंबून बाहेर पडायचं. बिल नाही, वाचणं नाही, विचारणं नाही. मुली तर रविवारच्या बाजारातल्या गाड्यावरून चाळीस रंगांची मोठी पेटी साठ-सत्तर रुपयांना उचलतात. पेटीवर कंपनीचं नाव म्हणावं तर कुठल्यातरी नामांकित नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं. पत्ता नाही, तारीख नाही, घटक नाहीत. अशा पेटीत काय घातलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. उघडपणे, आईला बरोबर नेऊन घेतली असती, तर ती पेटी दुकानातच राहिली असती. आयांनी हसायचं सोडून बरोबर जायला हवं होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली प्रसाधनं येतात आणि २०२० साली त्यांच्यासाठी वेगळे नियम झाले. शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं रंगासाठी घातलेली प्रसाधनं बनवायला आणि बाहेरून आणायला मनाई आहे. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, किती तारखेपर्यंत वापरायचं ते, घटकांची यादी आणि देशात बनलेलं असेल तर लायसन्स नंबर असायलाच हवा. बाहेरून आलेलं असेल तर आणणाऱ्याचं नाव आणि नोंदणीचा क्रमांक. हे नसेल तर ती वस्तू वीस रुपयांना मिळाली तरी महाग.

‘म्हणून तर आमचं जुनंच बरं’ असं म्हणत कुणी सुरम्याची पुडी पुढे करील, तर तिथेही थांबावं लागतं. जुना सुरमा बऱ्याचदा गॅलिना नावाच्या खनिजाचा असतो, आणि गॅलिना म्हणजे शिशाचं गंधकाशी झालेलं संयुग. सुट्या सुरम्याच्या तपासण्यांत शिसं वारंवार सापडलेलं आहे, आणि लहान मुलांना तर त्याचा फार धोका. नैसर्गिक आहे, जुनं आहे, आजीने वापरलं आहे, यांतलं कुठलंही कारण शिशाला कळत नाही.

आणखी एक गोष्ट ठासून सांगते. शाळेच्या हस्तकलेची चमकी वेगळी आणि पापणीची वेगळी. शुभेच्छापत्रावर चिकटवायची चमकी म्हणजे बहुधा प्लास्टिकच्या पातळ चकचकीत कागदाचे कातरलेले तुकडे. त्यांना कोपरे असतात. तो तुकडा डोळ्यात गेला आणि डोळा चोळला, तर बुबुळावर ओरखडा उठू शकतो. गॅदरिंगच्या नाचासाठी पाच वर्षांच्या पोरींच्या पापण्यांवर ही चमकी डिंकाने चिकटवणाऱ्या आया आणि बाई मी पाहिल्या आहेत. रोजच्या सौम्य चमकीला थिल्लर म्हणणाऱ्यांतल्याच त्या. गॅदरिंग म्हणजे संस्कृती ना!

पापणीच्या चमकीची घडण समजली, की निवड सोपी जाते. जुन्या इस्त्रीत तारेच्या खाली जो पापुद्रा असायचा, तोच अभ्रक. त्याचे अतिशय सूक्ष्म, सपाट कण घेतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवतात. हा थर जाड-बारीक झाला, की त्यावरून परतणारा उजेड रंग बदलतो. कुठे रुपेरी, कुठे सोनेरी, कुठे लालसर, निळसर. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग खेळतात, त्यातलाच हा प्रकार. लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला, की तांब्या-पितळेची झाक येते. ही युक्ती १९६० च्या दशकात बाजारात रुळली. त्याआधी माशांच्या खवल्यांतून मोतिया रंगाचं द्रव्य काढत असत.

आता त्या विद्वान वक्त्यांना मी एक मुद्दा फुकट देते, कारण त्यांना तो सुचला नाही. चमकीविरुद्ध बोलायचंच असेल तर कोडर्म्याबद्दल बोला. झारखंडातले कोडर्मा आणि गिरिडीह हे अभ्रकाचे जुने जिल्हे. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या पुष्कळ खाणी कागदोपत्री बंद झाल्या, पण माणसांची पोटं बंद झाली नाहीत. जुन्या खाणींच्या कडेला अभ्रकाचे तुकडे, ज्याला तिकडे ढिबरा म्हणतात, वेचायला घरंच्या घरं जातात आणि पोरंही जातात. मातीची कड ढासळून त्यांत मुलं मेल्याच्या बातम्या २०१६ साली जगभर छापून आल्या. त्यानंतर २०१७ मध्ये अभ्रक घेणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन जबाबदारीने अभ्रक घेण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ पॅरिसमध्ये स्थापलं. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण हा दोष लिपस्टिक-पावडरीच्या बायकांवर ढकलून मोकळं होता येणार नाही. अभ्रक रंगांत जातो, विजेच्या सामानात जातो, बांधकामात जातो, मोटारीत जातो. पुन्हा ती मोत्याच्या रंगाची मोटार आलीच.

ज्यांना हे टोचतं, आणि टोचायला हवंच, त्यांनी घटकांच्या यादीत ‘सिंथेटिक फ्लुअरफ्लोगोपाइट’ हे जिभेला फेस आणणारं नाव शोधावं. तो कारखान्यात बनवलेला अभ्रक. खाणीशी त्याचा संबंध नाही. हल्ली तो स्वस्त डब्यांतही आढळतो. नुसतं ‘मायका’ किंवा सी. आय. ७७०१९ लिहिलं असेल, तर तो बहुधा खाणीतला. कंपनीला पत्र लिहून विचारावं, कुठून घेता? मी लिहिलं आहे. एका ठिकाणाहून गोलगोल उत्तर आलं, दुसरीकडून आलंच नाही. तरी लिहावं.

*

निवडीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार पांडित्य नाही.

चाळीस रंगांची पेटी घेऊ नये. त्यातले तीन वापरात येतात, सदतीस वाळतात. एक रंग, एक डबी. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीला तांबूस, कांस्याचा किंवा जुन्या सोन्याचा रंग फार छान दिसतो. पांढुरका रुपेरी रंग सावळ्या पापणीवर राख उडाल्यासारखा भुरकट होतो. दुकानातली ताई तोच पुढे करते, कारण डबीत तो सर्वांत देखणा दिसतो. डबीतल्या देखणेपणावर जाऊ नये. मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात बघावा. आतले दिवे सगळंच सोन्याचं करून दाखवतात. दुकानातला नमुना थेट डोळ्याला तर कधीच लावू नये. त्यात किती जणींची बोटं बुडाली असतील, सांगता येत नाही.

दोन बोटांत चोळून पाहावं. रेशमासारखं सरकलं आणि कण वेगळे दिसले नाहीत, तर रोजच्या वापराला योग्य. वाळूसारखं खरखरीत लागलं किंवा ठिपके सुटे सुटे चमकले, तर ते रोजच्या कामाचं नाही. चाळिशीनंतर आणखी एक पथ्य. पापणीला सुरकुत्या पडल्या की जाड चमक नेमकी त्या सुरकुत्यांत जाऊन बसते आणि त्यांची जाहिरात करते. आमच्या वयाला साटिनसारखी मंद झळाळी बरी. चष्म्याचाही विचार करावा. अधिक नंबरचा चष्मा डोळे मोठे करून दाखवतो, म्हणून त्यामागे हात आवरता घ्यावा. उणे नंबरच्या चष्म्यामागे डोळे बारीक दिसतात, तिथे थोडं जास्त चालून जातं.

लावायला महागडे ब्रश लागत नाहीत. तोंड धुऊन पापण्या कोरड्या कराव्यात. तेलकट पापणीवर आमच्या बेळगावच्या जुलैत काहीही दहा मिनिटांवर टिकत नाही. आधी साध्या पावडरीचा हलका हात द्यावा. मग अनामिकेचं टोक किंचित ओलं करून डबीवर टेकवावं आणि पापणीच्या मधोमध दाबत दाबत लावावं. घासू नये, घासलं की गालावर पडतं. घडीच्या वर, भुवईपर्यंत चढवू नये. ते नाटकाला ठीक. वर काजळाची एक रेघ, आणि झालं. नवी डबी आणली की पहिले दोन दिवस कोपराच्या आत थोडी लावून बघावी. खाज किंवा लाली आली तर डोळ्याजवळ नेऊच नये. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या आधी घालाव्यात आणि रात्री आधी काढाव्यात.

एका डबीत चौघी बहिणींची बोटं, हा आपल्याकडचा प्रेमाचा प्रकार कुंकवाच्या करंड्याला शोभतो, इथे नाही. घरात एकीचे डोळे आले, की चौघींचे येतात. डोळे आलेल्या काळात वापरलेली डबी सरळ टाकून द्यावी, हळहळू नये. मागच्या बाजूला उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र असतं, त्यात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. रात्री कापसावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन पापणी अलगद पुसावी, मग तोंड धुवावं. कितीही दमलात तरी तसंच झोपू नये.

वेष्टनाच्या भाषेबद्दल एक तक्रार राहिलीच. २०२४ साली कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड असावं असा कायदा झाला, आणि त्यावरून इकडे काय काय बोललं गेलं ते सर्वांना ठाऊक आहे. पाटी वाचून कुणाच्या डोळ्याला इजा होत नाही. जी गोष्ट डोळ्याला लावायची, तिच्या वेष्टनावर मात्र माझ्या घरातल्या एकाही डबीवर ना मराठी आहे, ना कन्नड. आणि जे इंग्रजी आहे, ते मुंगीच्या पावलाएवढं. यासाठी कुणी मोर्चा काढला नाही, कुणी काळं फासलं नाही. कारण ही बायकांची आणि वर दोनशे रुपयांची बाब.

तोवर आपण इतकं करू. दुकानात डबी हातात घेऊन खुशाल पाच मिनिटं उभं राहावं. अक्षर दिसत नसेल तर चष्मा काढून जवळ धरावं, दुकानातल्या पोराला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. ओळखीचं कुणी आलं तर त्यांनाही दाखवावं, ‘बघा हो वहिनी, हा रंग बरा की तो?’ बिल मागावं. दुकानदार कुरकुरेल, ‘एवढ्याशा डबीला कसलं बिल, अक्का?’ तरी मागावं. मराठीत विचारा नाहीतर कन्नडात विचारा. ‘लायसन्स नंबर’ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच आहेत.